आबांनी खाडीत बैलांना पाणी दाखवलं

चिंचवडच्या आमच्या गावठाणातून नुसता समुद्र बघायला म्हणून गेलेलं पहिलं घर आमचं. हे मी छाती पुढं काढूनच लिहितो आहे. कुणाला बढाई वाटली तर वाटू दे. आमच्याकडची माणसं प्रवास करत नाहीत असं नाही. लग्नाला जातात, मयताला जातात, जत्रेला जातात, बाजारासाठी चाकणपर्यंत पायी जातात. पण काही काम नसताना, कुणी बोलावलेलं नसताना, घराला कुलूप लावून बायकापोरांसकट हुंदडायला जायचं, ही गोष्ट आमच्या आळीत कुणाच्या डोक्यात शिरेना.

"कंचा देव हाय तिकडं?" शेजारच्या तानूकाकीनं विचारलं.

"देवासाठी न्हाई काकी, समुद्र बघायला चाललोय."

"नवस बोलला व्हतास का?"

"न्हाई."

"मंग घरात कुणाची तब्येत बरी न्हाई व्हय?"

शेवटी आईनंच तिला सांगून टाकलं की तिथं खाडीपलीकडं शंकराचं देऊळ आहे, तेव्हा कुठं काकीचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी सगळ्या आळीला आम्ही शंकराला चाललोय हे कळलेलं होतं, आणि तीन बायकांनी आईजवळ नारळ दिले होते. कोकणात नारळ घेऊन जाणारेही बहुधा आम्हीच पहिले.

माझं म्हणणं साधं होतं. मी पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात फिटर आहे. परदेशातून पेट्यांत भरून आलेली अवजड मशिनं उतरवायची, सरकवत जाग्यावर न्यायची आणि पायावर बसवायची, हे आमच्या टोळीचं काम. यंदा मला पहिल्यांदाच भरपगारी रजा मिळाली. काम करायचं नाही आणि पगार मात्र चालू! आमच्या सात पिढ्यांत असलं सुख कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं. ते ओट्यावर लोळत घालवायचं माझ्या जिवावर आलं.

जाणारे आम्ही पाच जण: मी, बायको सुमन, आमची लहानगी शकू, आई आणि माझे वडील, आबा. यातले आबा येतील की नाही, हा खरा प्रश्न होता. कारण कारखाना जिथं उभा आहे तिथं आमचं रान होतं. सगळा कारखाना आमच्या रानात आहे असं मी म्हणणार नाही, पण पवनेकाठचा काळ्या मातीचा तो तुकडा आमचा होता आणि तो सरकारनं रीतसर घेतला. रान गेल्यावर आबांनी बैलजोडी चाकणच्या बाजारात नेऊन विकली, संध्याकाळी रिकाम्या हातांनी परत आले, आणि त्या दिवसापासून 'कारखाना' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नाही. मी कामावर गेलो की ते म्हणतात, "किसना तिकडं ग्येलाय." भोंगा झाला की, "तिकडचं वाजलं." माझ्यावर राग आहे असंही नाही, जेवलास का, म्हणून रोज विचारतात. पण त्यांच्या वयाची माणसं पारावर बसून आपापल्या पोरांचं कौतुक सांगतात तेव्हा आबा माझ्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. एकदा, फक्त एकदा, चार माणसांत त्यांनी 'माझा पोरगा कारखान्यात आहे' असं म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. हा सगळा समुद्राचा खटाटोप, खरं सांगायचं तर, निम्मा त्यासाठीच होता. घराबाहेर पडले, चार दिवस मोकळे झाले, तर बोलतील असं मला वाटत होतं.

आबा 'हो' म्हणाले नाहीत आणि 'नाही'ही म्हणाले नाहीत. निघायच्या दिवशी पहाटे मी उठलो तर ते फेटा बांधून, घोंगडीची वळकटी काखेत मारून ओट्यावर बसलेले होते.

घाट उतरून खाली

पुण्याहून एस.टी.नं भोर, तिथून वरंध घाट, मग महाड आणि पुढं श्रीवर्धन. या प्रवासाचं वर्णन मी करत नाही. ज्यांना गाडी लागते त्यांना ते वाचूनही लागेल. एवढंच सांगतो, की घाटात आईनं डोळे गच्च मिटून घेतले आणि शकूनं खिडकीतून डोकं आत घेतलं नाही. माझी पोरगी आहे, घाबरायची नाही.

महाडला गाडी बदलली आणि थंडी गेली. आमच्याकडं हिवाळ्याच्या त्या दिवसांत तोंडातून वाफा निघतात. इथं मी स्वेटर काढून आईच्या गाठोड्यात कोंबला. रस्त्याची माती तांबडी झाली, घरं कौलारू झाली, आणि संध्याकाळच्या सुमाराला वाऱ्याला एक ओला, खारट वास यायला लागला. समुद्र दिसायच्या आधी असा नाकात येतो, हे मला ठाऊक नव्हतं.

पुण्यातल्या एका सुपारीवाल्यानं मला गणूशेठचं नाव दिलं होतं. गणूशेठची श्रीवर्धनात पोफळीची वाडी आहे, एक बैलगाडी आहे, आणि ओळखीनं आलेल्या पाहुण्यांना ते आपल्या घराची पुढची खोली आणि पडवी राहायला देतात. माणूस किडकिडीत, कमरेला पंचा, कान सालासकट पिकलेल्या सुपारीच्या बेड्यासारखे तांबडे. शेठ म्हणवण्यासारखं त्यांच्या अंगावर काही नव्हतं; पण पोफळींच्या त्या उंच, सरळसोट रांगांमधून ते चालायला लागले की शेठ वाटायचे. त्यांच्या बायकोला आम्ही सगळेच वहिनी म्हणायला लागलो.

हातपाय धुऊन आम्ही पडवीत टेकलो. गणूशेठनं आबांपुढं पान ठेवलं आणि सगळीकडं विचारतात तेच विचारलं.

"काय करता वो तुम्ही तिकडं घाटावर?"

"शेती हाय आमची," आबा म्हणाले. "बापल्येक दोघं बगतो."

"पाण्याखालची?"

"व्हय. मोटंवरची. काळी जमीन हाय, नदीच्या कडंला. यंदा बी पीक बरं हाय."

मी सुमनकडं पाहिलं, सुमननं शकूच्या तोंडावर हात ठेवला. आबा पुढं बोलतच राहिले: बांध कुठून कुठं जातो, विहीर कशी बांधलेली आहे, कुठल्या कोपऱ्यात माती जरा चिकट आहे. एवढं सलग बोलताना मी त्यांना कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. ज्या चिकट कोपऱ्याचं ते वर्णन करत होते तिथं मी दिवाळीआधी एक मशीन बसवलं होतं, आणि त्या चिकट मातीनं पाया खोदताना आम्हाला रडवलं होतं. म्हातारा खोटं बोलतोय याचं मला तेवढं वाईट वाटलं नाही. पण त्या खोट्यात त्यांनी मला शेतकरी करून टाकलं होतं, ते मात्र मनाला लागलं.

समुद्र आणि आई

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडी ओलांडून आम्ही किनाऱ्यावर गेलो. आता इथं मी मोठं वर्णन करावं अशी वाचकांची अपेक्षा असणार. मी ते करू शकत नाही. मी नुसता बघत उभा राहिलो आणि माझ्याच घरच्यांना हे मी दाखवतोय, म्हणून ऊर भरून आला. सुमननं माझं बोट धरलं. गावात ती असं कधी करणार नाही.

आई बराच वेळ डोळ्यांवर हात धरून बघत होती. मग म्हणाली, "ह्याला पल्याडचा काठच न्हाई?"

"आहे आई, पण लई लांब."

"एवढं पाणी! आन् धुणं धुवाय घाटावर बाय न्हाई एक."

माझ्या आईला वाया गेलेली वस्तू बघवत नाही. दुपारी आमचा डोळा चुकवून तिनं दोन लुगडी आणि आबांचं धोतर समुद्रावर नेऊन धुतलं. साबणाचा फेस येईना म्हणून आणखी साबण लावला. वाळल्यावर धोतर पापडासारखं कडक झालं आणि लुगडं नेसल्यावर आईला दिवसभर खाजत राहिलं. वहिनींनी ते सगळं पुन्हा विहिरीच्या पाण्यातून काढलं. काढताना हसून हसून त्यांचा पदर ओला झाला, आणि आईही हसली. तिथून दोघींचं जमलं.

जेवणाचं सांगायलाच हवं. तिथं सकाळी भात, दुपारी भात आणि रात्रीही भात. भाकरीसुद्धा तांदळाची, पांढरी शुभ्र आणि मऊ. आमच्याकडं ज्यात त्यात शेंगदाण्याचा कूट पडतो तसं तिथं ज्यात त्यात ओलं खोबरं. पवनेतला मासा आम्ही खातो, पण वहिनींनी तव्यावर भाजलेला बांगडा पानात पडला तेव्हा मी मान वर केली नाही. सुमननं कोकमाची कढी तीनदा मागून घेतली. आबा मात्र पहिल्या दिवशी भात कालवत बसले आणि पोट भरलं नाही असं चेहऱ्यानंच सांगून उठले. आईनं गाठोड्यातून बाजरीचं पीठ काढलं, वहिनींच्या चुलीपाशी बसली आणि दोन्ही हातांवर थापून हा हा म्हणता भाकऱ्या टाकायला लागली. आजूबाजूच्या घरांतल्या बायका बघायला आल्या. हातावर एवढी मोठी भाकरी फिरते आणि तुटत नाही, याचं त्यांना नवल. आईचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता. कारखान्यात साहेब लोक परदेशी पाहुण्यांना मशीन दाखवताना असाच चेहरा करतात.

आबांचा जीव रमला तो गणूशेठच्या बैलांत. आमच्याकडच्या बैलांपुढं ती जोडी म्हणजे लहान पोरं, बुटकी आणि तांबूस. पण अंगानं घट्ट होती. सकाळी त्यांतला एक बैल विहिरीवरच्या रहाटाला जुंपायचे. आमच्याकडं मोट ओढणारा बैल उतारावरून पुढं जातो आणि पाठमोरा मागं येतो. इथं बैल विहिरीपाशी नुसता गोल गोल फिरत राहतो आणि रहाटाची गाडगी भरून वर येतात. आबा तास तास ते बघत बसायचे. तिसऱ्या दिवशी बघतो तर ते बैलांना पेंढा घालत होते, पाठीवरून हात फिरवत होते, खुरात अडकलेला खडा काढत होते.

"आबांना पाहिलं की बैल माझ्याकडं बघत पण नाय," गणूशेठ म्हणाले. त्यांना त्याचं कौतुकच वाटत होतं.

खाडी

तानूकाकीच्या शंकराला जायचं राहिलं होतं आणि तीन नारळ वाट बघत होते. देऊळ किनाऱ्यानं बरंच पुढं, एका खाडीच्या पलीकडं आहे. ओहोटी असली की खाडीच्या तोंडातून बैलगाडी आरपार जाते. एके सकाळी गणूशेठनं गाडी जुंपली आणि आम्ही सगळे निघालो. जाताना खाडीत पाणी म्हणायला होतं. चाकं धड भिजलीसुद्धा नाहीत.

देवळात नारळ फोडले, सावलीत बसून भाकरी खाल्ली. शकू शंखशिंपले गोळा करत राहिली आणि आम्हाला वेळ झाला. गणूशेठ दोनदा म्हणाले, "चला वो, पाणी फिरंल." आम्ही माना डोलावल्या. पाणी फिरेल म्हणजे काय होईल, हे आमच्यापैकी कुणालाच कळलं नव्हतं.

परतताना खाडीच्या अलीकडं गणूशेठला ओळखीचे कोळी भेटले. काठावर होड्या ओढून ते जाळी विणत बसले होते. गणूशेठ खाली उतरले, कासरा आबांच्या हातात दिला आणि म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं, सरळ नाकासमोर घाला. मी आलोच."

मी मागं बसलो होतो. कासरा हातात आल्याबरोबर आबांची पाठ ताठ झाली. फेट्याचा शेमला मागं टाकून ते असे बसले की जणू आमच्याच गाडीतून आम्ही मोशीच्या पाहुण्यांकडं निघालो आहोत. मला काय वाटलं ते सांगता येत नाही. असा दिसायचा माझा बाप, हे मी विसरून गेलो होतो.

खाडीच्या मधोमध पाणी घोट्याएवढं होतं. तिथं आबांनी गाडी थांबवली आणि शीळ घालायला सुरुवात केली.

आता आमच्याकडचा कुणीही वाचक म्हणेल, मग त्यात काय चुकलं? काहीच नाही. आमच्याकडं नदीच्या उतारावर गाडी गेली की ती थांबते. बैलांना पाणी दाखवायचं, शीळ घालायची, त्यांची तहान भागली की मग पुढं. पाणी न दाखवता बैल उतारापार नेणाऱ्या माणसाला आमच्या गावात कुणी पोरगी देणार नाही. आबांच्या दृष्टीनं ती नदीच होती: डोंगराकडून येते, दोन्ही बाजूंना काठ आहेत, उथळ आहे. समुद्र खारट, हे त्यांना धोतरापासून कळलं होतं; पण नदी खारट असते हे त्यांना कोण सांगणार? आणि गणूशेठला तरी ते सांगावं असं कसं सुचणार? तिकडं जन्मलेला माणूस खाडीत गाडी थांबवतच नाही.

बैलांनी तोंड खाली घातलं नाही. आबांनी पुन्हा शीळ घातली, आणखी लांबवून, आणखी मायेनं.

"दमल्यात, आन् पीत कसं न्हाईत?" ते म्हणाले.

तेवढ्यात गाडी डावीकडं कलली. मी वाकून बघितलं तर चाकाखालची वाळू पिठासारखी सरकत होती आणि चाक त्यात उतरत होतं. मागून गणूशेठ ओरडत, पंचा सावरत धावत येत होते. "हाका! हाका वो! थांबू नका!"

आबांनी बैलांना हाक दिली. बैलांनी जीव लावून ओढलं आणि चाकं आणखी रुतली. सुमनच्या लक्षात आलं ते आमच्यापैकी कुणाच्या आलं नव्हतं. ती म्हणाली, "अहो, पाणी उलटं येतंय." खरंच, पाणी समुद्राकडून डोंगराकडं चढत होतं. नदी उलटी वाहताना आम्ही जन्मात पाहिली नव्हती. सुमननं लुगडं खोचलं, शकूला पाठुंगळी घेतलं, आईचा दंड धरला आणि तिघी काठाकडं निघाल्या. आईनं प्रसादाचं गाठोडं डोक्यावर धरलं होतं, ते काही सोडलं नाही.

कोळी धावत आले. सात-आठ दणकट माणसं गाडीला भिडली आणि प्रत्येक जण वेगळंच ओरडू लागला. कुणी पुढं ओढतोय, कुणी मागून ढकलतोय, आबा बैलांना हाकतायत, आणि प्रत्येक हिसक्याला गाडी बोटभर खाली जातेय. पाणी गुडघ्याला लागलं. ती गाडी गेली असती तर गणूशेठची सुपारी धक्क्यावर कशानं गेली असती?

मी पाण्यात उभा होतो आणि मला एकदम आमच्या कारखान्याचं आवार दिसलं. पावसाळ्यात मशिनाची पेटी चिखलात बसली की नवा माणूस असाच ओढायला धावतो. रुतलेलं जड आधी वर उचलायचं, मग पुढं सरकवायचं. आमच्या टोळीत पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

"आबा, वढू नका!" मी ओरडलो. "बैल सोडा! सोडा म्हनतो ना! बाजूला न्या त्यांना!"

आयुष्यात मी आबांपुढं आवाज चढवला नव्हता. त्यांनी एकदाच माझ्याकडं पाहिलं. मग मुकाट्यानं जू सोडलं, दोन्ही बैलांना धरलं आणि गळ्याशी धरून, चुचकारत, त्या चढत्या पाण्यातून काठावर नेलं. एक बैल बिथरला होता. तो आबांच्या खांद्याला डोकं लावून बाहेर आला. ते दुसऱ्या कुणाला जमलं नसतं, हेही मी इथं लिहून ठेवतो.

मग मी कोळ्यांकडं वळलो. होड्या ज्यांवरून सरकवतात ते ओंडके, जाड फळ्या, झावळ्या आणि दोर त्यांनी मागितल्याबरोबर आणल्या. एक फळी वाळूवर आडवी टाकली, तिच्यावर एक ओंडका, आणि त्याच्या टेक्यावर दुसरा लांब ओंडका दोन्ही चाकं जोडणाऱ्या आखाखाली घातला. त्याच्या दुसऱ्या टोकाला चौघांना लोंबकळायला सांगितलं.

"मी हाक दिल्याबिगर कुणी जोर लावायचा न्हाई," मी म्हटलं. "आन् हाक दिल्यावर कुणी मागं ऱ्हायचं न्हाई. हां... हैशा!"

चाक वर आलं. त्याखाली झावळ्या आणि फळी सरकवली. दुसऱ्या बाजूला गेलो. "हैशा!" तेही आलं. मग दोर बांधून फळ्यांवरून गाडी ओढली. मागची फळी उचलायची, पुढं टाकायची, पुन्हा हाक. कोळी होड्या ओढणारे, त्यांना एकदा ताल सापडल्यावर काय विचारता! पाणी गाडीच्या फळीला लागलं होतं तेव्हा चाकं घट्ट वाळूवर आली. एका म्हाताऱ्या कोळ्यानं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी खाडीत पालथा पडलो असतो.

"होडी वढाया येत जा रं रोज," तो म्हणाला. "आवाज चांगला हाय तुजा."

गणूशेठ गाडीभोवती एक फेरी मारून आले. मग आबांपुढं उभे राहिले. आबा दोन्ही बैलांच्या मधे, ओलेचिंब, खाली मान घालून उभे होते.

"पण आबा, थांबलात कशाला वो?"

"बैलांस्नी पाणी दावत व्हतो."

एक कोळी फस्सकन हसला. गणूशेठ हसले नाहीत. त्यांनी बैलाच्या मानेवरचं पाणी हातानं निपटलं आणि म्हणाले, "बैलांसाठी थांबलात, मग मी काय बोलू?"

निघताना

उरलेले दोन दिवस आबा बोलले नाहीत. बैलांपाशीही गेले नाहीत. मला वाटलं, संपलं. ज्यासाठी त्यांना इथवर आणलं ते राहिलं बाजूला, आणि चार परक्या माणसांत मी बापावर ओरडून बसलो. सुमन म्हणाली, "तुम्ही वरडला नसता तर गाडी गेली असती. आबांना काय कळत नाही?" तिचं बरोबर होतं, पण माझं मन खात होतं. समुद्र रोज तसाच होता. मला मात्र तो आधीसारखा बघवेना.

शेवटच्या सकाळी वहिनींनी आईला सोललेल्या सुपाऱ्या आणि कोकमं बांधून दिली, आईनं उरलेलं बाजरीचं पीठ त्यांच्या डब्यात ओतलं. गणूशेठनं आम्हाला त्याच गाडीतून एस.टी. स्टँडवर सोडलं. गाडी लागलेली होती, माणसं चढत होती. मी टपावर वळकट्या चढवत होतो.

"पुढल्या साली पण या, आबा," गणूशेठ खालून म्हणाले. "शेतीची कामं आटपली की या. बैल वाट बघतील."

आबांनी फेटा नीट केला.

"शेती न्हाई आमची, गणूशेठ."

"आं?"

"व्हती. रान कारखान्यात ग्येलं. तुमाला खोटं सांगितलं म्या."

माझ्या हातातली वळकटी तशीच राहिली. गणूशेठनं बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "असू दे वो," ते म्हणाले.

"असू दे न्हाई. आईका." आबा वर बघत माझ्याकडं बोट करून बोलायला लागले, आणि त्यांचा आवाज चांगला मोठा होता, स्टँडवरची माणसं वळून बघत होती. "ह्यो माजा पोरगा कारखान्यात हाय. ह्या गाडीच्या दसपट मशिनी बशिवतो. तुमची गाडी काडली ना, तशा उचलतो आन् बशिवतो. तवा आता त्याला रजा घावली का आमी येऊ. त्ये काय माज्या हातात न्हाई, कारखान्याच्या हातात हाय."

तीनदा म्हणाले. कारखाना. मी टपावर एस.टी.च्या लोखंडी कठड्याला धरून उभा होतो आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. कुणी बघितलं असेल तर बघितलं असेल. त्या क्षणी माझ्याएवढा श्रीमंत माणूस त्या स्टँडवर दुसरा नव्हता. कंडक्टर खालून ओरडला तेव्हा कुठं मी वळकटी बांधली आणि खाली उतरलो.

गाडी सुटली. आबांनी खिडकीची जागा शकूला दिली आणि माझ्या शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "किसना, तिथं बी असाच वरडतोस का रं?"

"वरडावं लागतं आबा. न्हाईतर एखाद्याचा हात सापडतो."

"मुकादमावर बी?"

"मशीन उचलताना त्याच्यावर बी."

आबा गालातल्या गालात हसले. मी मशीन कसं उतरवतात ते सांगायला लागलो आणि त्यांनी मधे मधे प्रश्न विचारले, पहार कुठं घालतात, माणसं किती लागतात, पाया कशाचा करतात. त्या चिकट मातीचं मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "त्ये मला इचारायचं व्हतंस." महाड आलं तरी आमचं बोलणं चाललंच होतं. पुढची गाडी यायला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो होतो, आणि आबांनी समोर बघतच विचारलं, "म्हाताऱ्या मानसाला आत सोडत्यात का रं कारखान्यात?"

"सोडतील की," मी म्हणालो. "माजा बाप हाय म्हनून सांगीन."